कॉर्न स्नेकमधील अप्रभावी आनुवंशिकता
माता व पिता या दोघांकडून मिळाल्यासच व्यक्त होणाऱ्या जनुकाचे पाळीव कॉर्न स्नेकमधील संक्रमण. या उत्तर अमेरिकी सापातील वर्णहीनतेच्या आनुवंशिकतेवर बेक्टेल दांपत्याने १९६२ मध्ये निबंध प्रसिद्ध केला (→ मेंडेलचे नियम). वर्णहीन सापात काळे मेलॅनिन नसते. लाल-पिवळा रंग टिकतो. वर्णहीन व शुद्ध सामान्य सापाची सर्व पिल्ले सामान्य दिसतात, मात्र वाहक असतात. दोन वाहकांच्या संकरात वर्णहीन पिल्लाची शक्यता २५ टक्के असते. ती प्रत्येक अंड्याला स्वतंत्रपणे लागू होते. म्हणून दहा अंड्यांतून एकही वर्णहीन पिल्लू न निघणे शक्य असते. सामान्य दिसणारे भावंड वाहक असण्याची शक्यता दोन-तृतीयांश असते, पण ते रूपावरून ओळखता येत नाही. यासाठी वर्णहीन सापाशी चाचणी-संकर करतात (→ संकरण). एक जरी वर्णहीन पिल्लू निघाले, तरी वाहकत्व सिद्ध होते.