चर्चगेटचा दरवाजा कोठे आहे?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. सातवीच्या वर्गात इतिहासाचा तास चालू होता. किल्ले व त्यांचे दरवाजे असा विषय निघाला, तेव्हा मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी उभा राहून म्हणाला, "सर, मी अब्बांबरोबर चर्चगेटला जाऊन आलो. तिथे गेट कुठेच नाही!" वर्ग हसला, मीही हसलो. परंतु खरे सांगावयाचे तर त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. ते शोधू लागलो, तेव्हा ज्या लोकलने आपण रोज ये-जा करतो तिच्या दुतर्फा केवढा इतिहास पडून आहे हे प्रथमच ध्यानी आले. त्यातील थोडासा आपणांपुढे ठेवीत आहे.

दरवाजा खरोखरच होता, पण तो स्टेशनापाशी नव्हे. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी मुंबईच्या वस्तीभोवती तट उभारला. त्याला अपोलो गेट, बाजार गेट व चर्चगेट अशा तीन वेशी होत्या. १७१८ साली उघडलेल्या सेंट थॉमस चर्चकडे जाणारी वेस ती चर्चगेट. पुढे शहर फुगले, तट अडचणीचा वाटू लागला आणि गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत, १८६० नंतरच्या काही वर्षांत, तो पाडण्यात आला. वेशीच्या जागी फ्लोरा फाउंटन उभे राहिले. तोच परिसर आज हुतात्मा चौक म्हणून आपल्याला ठाऊक आहे. दगड गेले, नाव मात्र रेल्वेच्या पाटीवर जिवंत राहिले.

याच चर्चपासून एके काळी मुंबईचे मैल मोजीत असत. रोमन आकडे कोरलेले ते काळे दगड पुढे रस्त्यांची उंची वाढत गेली तसे फुटपाथात गाडले गेले. कित्येकांचा केवळ माथा वर दिसे. अलीकडच्या काळात त्यांतील काही उकरून पुन्हा नीट बसविण्यात आले आहेत. लाखो लोक ज्याला ठेचकाळत गेले, तो दगड शहराचा साक्षीदार होता!

पुढचे स्टेशन मरीन लाइन्स. सागरी पलटणीच्या बराकी येथे होत्या, म्हणून हे नाव. येथून पूर्वेस चालत गेल्यास महात्मा फुले मंडईनजीक जामा मशीद लागते. १८०२ साली पूर्ण झालेली ही मशीद एका जुन्या तलावावर उभी आहे. तलावातून सोळा काळ्या दगडी कमानी वर येतात आणि इमारतीचा भार पेलतात. त्या पाण्यात मासे फिरताना दिसतात. भर बाजारातील कोलाहलात हे पाणी आहे, हे किती मुंबईकरांना माहीत असेल?

ग्रँट रोड हे नाव गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांचे. त्यापुढे येते माहीम. फोर्टच्या कितीतरी आधी मुंबई बेटांचे मुख्य ठिकाण हेच होते. येथेच मखदूम अली माहिमी (१३७२–१४३१) हे थोर विद्वान होऊन गेले. कुराणावर अरबी भाषेत भाष्य लिहिणाऱ्या या पुरुषाच्या उरुसात मुंबई पोलीस दरवर्षी मानाने सहभागी होतात.

माहीमची खाडी ओलांडताना मात्र आपण थोडे थांबावे. १५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्या मुलखात मुंबईची बेटेही होती. म्हणजे वसई हे मुख्य ठाणे आणि मुंबई तिच्या पदरातील लहानसा भाग! १६६१ च्या तहाने मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली, पण खाडीपलीकडची साष्टी पोर्तुगीजांकडेच राहिली. पुढे ती मराठ्यांनी जिंकली आणि १७७४ साली इंग्रजांच्या हाती गेली. तोपर्यंत माहीम व वांद्रे ही दोन वेगवेगळ्या राज्यांतील गावे होती. आज त्या सरहद्दीवरून गाडी क्षणात निघून जाते. खाडीवरचा जुना रस्ता १८४५ साली झाला, तो लेडी अवाबाई जीजीभाई यांनी दिलेल्या १ लाख ५७ हजार रुपयांमधून.

हे सारे मी वर्गात सांगितले, तेव्हा तोच विद्यार्थी खिन्नपणे म्हणाला, "म्हणजे इतिहास सगळा मुंबईलाच, सर. आपल्याकडे नुसत्या बिल्डिंगी."

वाचकहो, हे वाक्य माझ्या मनाला लागले. आपल्यापैकी अनेक कुटुंबे डोंगरी, नागपाडा, भेंडीबाजार सोडून मीरा रोडला आली. तेथील गल्ल्यांची आठवण आपण काढतो; येथे मात्र केवळ रात्रीपुरते राहतो. मुलांनाही मग वाटते की, आपण इतिहासाच्या बाहेर येऊन पडलो. वस्तुस्थिती उलट आहे. घोडबंदरचा किल्ला आपल्याच महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. उत्तनच्या वाटेवरील चौक गावी धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. तेथला दगड वसईच्या बांधकामाला जात असे. चिमाजी अप्पांच्या १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत या दोन्ही ठाण्यांना मोठे महत्त्व होते. मुंबई जेव्हा वसईच्या पदरात होती, तेव्हा आपली खाडी हा त्या सत्तेचा राजमार्ग होता.

पुढच्या रविवारी मी त्या वर्गाला घोडबंदरला घेऊन गेलो. तो विद्यार्थी तटाला हात लावून बराच वेळ उभा होता. मग म्हणाला, "सर, इथला दरवाजा तरी आहे!"

पालकांना माझी एवढीच नम्र विनंती आहे. वर्षातून एक रविवार मुलाचा हात धरून अशा एखाद्या ठिकाणी जावे. ज्या गावाच्या दगडांची आपणांस ओळख नसते, त्या गावात आपण भाडेकरूच राहतो, मग घर स्वतःच्या मालकीचे का असेना.