तळटीप : औंढ्याच्या परिसरातील जुने रान

* मूळ लेखकाने औंढ्याच्या परिसरातील ‘जुने रान’ म्हटले आहे, ते मावळातल्या देवरायांना उद्देशून. ही राने माणसाचा हात न लागल्यामुळे टिकली, असा समज सर्रास आढळतो. तो बरोबर नाही. भाताच्या राबासाठी डोंगरउतारावरची झाडे वर्षानुवर्षे खांडली गेली आणि कोळशासाठी भट्ट्या लागल्या, तेव्हा देवाच्या नावाने राखलेले तुकडेच तेवढे दाट उरले. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांच्या नोंदी केल्या, त्यांतूनही गावाने पाळलेले हे निर्बंध स्पष्ट दिसतात. यावर कोणी म्हणेल, इथली कितीतरी झाडे शंभर वर्षांचीही नसतील, मग हे रान प्राचीन कसे? पण रानाचे वय एकेका झाडावरून ठरत नाही. इंग्लंडमध्ये 1600पासून सलग वनाच्छादित असलेली जमीन प्राचीन वन मानतात. तिथली बरीच झाडे शतकानुशतके बुंध्याशी तोडून पुन्हा फुटू दिलेली आहेत. महत्त्व आहे ते सलगतेला. ती पाहायची तर जमिनीकडे पाहावे: कुजक्या पानांचा जाड थर, सावलीत उगवलेली रोपे, झाडांवर चढलेली गारंबीची महावेल आणि तिच्या हातभर लांब शेंगा. म्हणूनच देवराईतल्या मंदिराच्या जीर्णोद्धारात मोठी झाडे राखून खालचा झाडोरा साफ केला आणि फरशी घातली, तर देवराई वाचली असे म्हणता येत नाही.