तळे नाही, तोट्या नाहीत, नाव मात्र आहे



गेल्या दिवाळीआधी आमच्या बचत गटात एक नवी सदस्य आली. माहेर मराठवाड्यातले, लग्न होऊन पुण्यात येऊन जेमतेम सहा महिने झालेले. आम्ही तिच्याकडे चकलीच्या भाजणीची दहा पाकिटे दिली आणि दुकानाचे नाव सांगून म्हटले, "ही रविवारात नेऊन दे." तिने मान डोलावली, पाकिटे घरी नेली आणि चार दिवस फडताळात ठेवून दिली. दुकानदाराचा फोन आला तेव्हा आम्ही तिला विचारायला गेलो. ती म्हणाली, "ताई, आज तर बुधवार आहे. तुम्हीच म्हणाला होतात ना, रविवारी दे म्हणून?"

चूक तिची नव्हती. पुण्यात 'रविवारी' म्हणजे वार आणि 'रविवारात' म्हणजे पेठ, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. आम्ही लहानपणापासून सोमवारी शुक्रवारात जातो, गुरुवारी बुधवारातून पुस्तके आणतो आणि शनिवारी शनिवारात गेलो तरी आम्हाला काही गंमत वाटत नाही. बाहेरून आलेली बाई हसते, तेव्हा कुठे आपण कान टवकारतो. त्या दिवशी मीटिंगचे हप्ते गोळा करून झाले आणि मग तासभर हाच विषय चालला. कोणाला कोणते विचित्र नाव माहीत आहे, ते कुठून आले, आपल्या आजीने काय सांगितले होते. आजचे हे बोलणे त्या तासाभरातून आणि नंतर आम्ही जे विचारले, वाचले त्यातून तयार झाले आहे.

आधी पेठांचे बघू. आठवड्याचे सातही वार पुण्यात पेठा होऊन बसले आहेत. पण ही नावे काही पहिल्यापासूनची नाहीत. रविवार पेठ पूर्वी मलकापूर होती, गुरुवार पेठ वेताळ पेठ होती आणि बुधवार पेठेला मुहियाबाद म्हणत. पेशवाईत शहर वाढत गेले तशा नव्या पेठा वसल्या. पेठ वसवायची म्हणजे एखाद्या माणसाला शेटे-महाजनकी द्यायची, त्याने व्यापारी आणि कारागीर आणून बसवायचे आणि सरकारने काही वर्षे कर माफ करायचे, अशी पद्धत होती. सदाशिव पेठ सदाशिवरावभाऊंच्या नावाची, नारायण पेठ नारायणराव पेशव्यांच्या नावाची, नाना पेठ नाना फडणविसांच्या नावाची. ही नावे वरून आली, कागदावर लिहून आली.

देवांची नावे मात्र लोकांनी ठेवली आणि खरी मजा तिथेच आहे. गल्लोगल्ली मारुती, गल्लोगल्ली विठोबा. मग "मारुतीपाशी ये" असे सांगितले तर समोरचा नेमका कुठे येणार? म्हणून प्रत्येक देवाला एक आडनाव मिळाले, आणि ते बहुधा शेजाऱ्यांकडून मिळाले. जिलबीच्या दुकानाजवळचा तो जिलब्या मारुती. बुधवारातल्या विठोबाशेजारी पासोड्या, म्हणजे जाड सुती पांघरुणे विकायला असत, म्हणून तो पासोड्या विठोबा. नाना पेठेतल्या विठोबाची मूर्ती निवडुंगाच्या जाळीत सापडली असे सांगतात, म्हणून तो निवडुंग्या विठोबा. तुकोबांची पालखी पुण्यात मुक्कामाला असते ती त्याच्याकडेच. भिकारदास मारुतीचे नाव ऐकून आमच्या नव्या मैत्रिणीला वाटले, तिथे भिकारी बसत असतील. तसे काही नाही. भिकारदास नावाचे एक सावकार होते, त्यांच्या बागेजवळचा हा मारुती. आणि सदाशिव पेठेतला खुन्या मुरलीधर? बिचाऱ्या मुरलीधराने कोणाचे काही केलेले नाही. मूर्तीच्या स्थापनेच्या वेळी मारामारी होऊन माणसे मेली आणि डाग लागला तो देवाला. आमच्यातल्या एकीची सासू त्याच गल्लीत वाढलेली. ती अजून म्हणते, "जरा खुन्याला जाऊन येते." तिच्या नातवाच्या मित्रांना पहिल्यांदा हे ऐकून घाम फुटला होता.

आता दुसरी गंमत. पुण्यात खूप जागांना जी नावे आहेत ती वस्तू तिथे नाही. लकडी पुलात लाकूड नाही. पानिपतनंतर, १७६१ मध्ये, तो खरोखरच लाकडाचा बांधला होता. पुढे नदीच्या पुरात गेला, त्या जागी दगडी पूल आला, त्याला संभाजी पूल असे नाव मिळाले, तरी रिक्षावाला 'लकडी पूल'च म्हणतो. सारसबागेतल्या गणपतीला आमच्या आया अजून 'तळ्यातला गणपती' म्हणतात. पूर्वी तिथे पेशव्यांनी केलेले मोठे तळे होते आणि मधल्या बेटावर गणपती. आता तिथे जाताना पाय भिजत नाहीत, भिजलेच तर पावसाने. साततोटी चौकी म्हटले की पोलीस चौकी आठवते, पण हे नाव साततोटी हौदाचे. फडके हौद चौकात सिग्नल आहे, गर्दी आहे, पण हौद शोधायला गेलात तर निराश व्हाल.

या हौदांपाशी आम्ही जरा जास्त वेळ थांबलो, कारण पाणी हा बायकांचा विषय. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या आसपास, कात्रजला तलाव बांधून तिथले पाणी जमिनीखालून दगडी बांधणीच्या नळाने शहरात आणले. पंप नाही, वीज नाही. कात्रज उंचावर आणि शहर खाली, त्या उतारावरच पाणी येत असे. वाटेत ठिकठिकाणी नळाला वर तोंडे ठेवली होती, त्यांना उच्छ्वास म्हणत. शहरात ते पाणी हौदांत पडायचे आणि हौदावरून घरात जायचे. हौद ते घर हा जो शेवटचा टप्पा, तो कोणाच्या डोक्यावरून आणि कमरेवरून पार पडत असेल हे आपल्याला वेगळे सांगायला नको. हौदाला नाव फडक्यांचे, पण त्याची पायरी झिजवली असेल ती घागरींनी.

आणि हौद सगळ्यांसाठी नव्हते हेही लक्षात ठेवायला हवे. ज्यांना अस्पृश्य म्हणून दूर ठेवले होते, त्या बायकांना या पाण्याला हात लावायची परवानगी नव्हती. १८६८ मध्ये जोतीराव फुल्यांनी गंज पेठेतल्या आपल्या घरचा हौद त्यांच्यासाठी खुला केला. तो वाडा आज आपण बघायला जातो. तिथे गेलात तर मुलींना तो हौद नक्की दाखवा आणि का दाखवता तेही सांगा.

नळ आले तसे हौद मागे पडले. पण १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याचेही गेले, आणि पुरात बुडालेल्या शहराचे नळ कोरडे पडले. चहूकडे पाणी आणि प्यायला थेंब नाही. आमच्या गटातल्या सर्वांत मोठ्या सदस्य तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. त्या सांगतात, "आई कळशी घेऊन जुन्या विहिरीवर गेली. आदल्या वर्षी तीच म्हणत होती, ही विहीर आता बुजवा." ही गोष्ट सांगून त्या स्वतःच हसतात.

एवढे सगळे झाल्यावर मीटिंगमध्ये एकीने सरळ प्रश्न टाकला. "सावकाराचे नाव आहे, सरदाराचे आहे, जिलबीवाल्याचे आहे. बाईचे नाव कुठे आहे?"

आम्ही आठवायला लागलो. पेठांमध्ये एक भवानी पेठ, पण ती देवी झाली. रस्त्यांना आणि उद्यानांना अलीकडे नावे दिली आहेत, ती पाटीवरची. लोकांच्या तोंडी रुळलेले, जुने, बाईच्या कामावरून पडलेले नाव काही केल्या आठवेना. आणि विशेष म्हणजे, परंपरेने सांगितले जाते ते खरे धरले तर या गावाची दुसरी सुरुवातच एका बाईने केली. १६३० च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुणे जाळले, गाढवाचा नांगर फिरवला. त्या उजाड गावात जिजाऊ बाल शिवाजीला घेऊन आल्या, सोन्याचा नांगर फिरवून त्यांनी जमीन पुन्हा लागवडीला आणली आणि कसबा गणपतीचे देऊळ बांधले. देवळाला नाव कसब्याचे मिळाले.

पुढचेही तसेच. १८४८ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बुधवार पेठेत मुलींची शाळा काढली. ती जागा आपण ओळखतो भिडेवाडा म्हणून, म्हणजे वाड्याच्या मालकाच्या नावाने. १८८४ मध्ये मुलींचे हायस्कूल निघाले, ते पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेच्या जागेवर. झाले, शाळेचे नाव पडले हुजूरपागा. आमच्यातल्या दोघी तिथे शिकल्या. त्या अभिमानाने सांगतात, "आम्ही पागेतल्या." घोडे जाऊन दोनशे वर्षे झाली, हजारो मुली शिकून गेल्या, तरी नाव घोड्यांचेच टिकले. आता त्या नावाला घोड्यांचा वास राहिलेला नाही, शिकलेल्या बायकांचा मान आहे, ही गोष्ट वेगळी. पण सुरुवात कुठून झाली ते बघा.

तुळशीबागेत तुळस शोधून सापडत नाही. नारो आप्पाजी खिरे यांनी तिथे रामाचे देऊळ बांधले. पूर्वी ती तुळशीची बाग, म्हणून त्यांना लोक तुळशीबागवाले म्हणू लागले. आज तुळशीबाग म्हटले की बांगड्या, भातुकली, पितळी भांडी, पिना आणि घासाघीस. ही जागा बायकांनी आपलीशी केली, तीही नाव न बदलता.

मंडईची गोष्ट तर सगळ्यांत मजेशीर. पूर्वी शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भाजीबाजार भरायचा. मग १८८६ मध्ये नवी मोठी इमारत उभी राहिली, तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव दिले, रे मार्केट. नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी या खर्चाला विरोध केला होता, हा पैसा गरिबांच्या शिक्षणाला लावा म्हणून. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना मंडईचे नाव बदलले, आणि आज ती महात्मा फुले मंडई आहे. ज्यांनी विरोध केला, त्यांचेच नाव! आम्हाला आधी हसू आले, मग पटले. भाजी पिकवणाऱ्या माळ्या-शेतकऱ्यांची बाजू ज्यांनी मांडली, त्यांचे नाव भाजीच्या बाजाराला शोभतेच. टोपली घेऊन तिथे बसणाऱ्या मावशांचे नाव मात्र कुठेच नाही.

आम्ही परत पासोड्या विठोबापाशी आलो. पासोडी विकणाऱ्याच्या दुकानावरून देवाला नाव मिळाले. पण त्या पासोडीचे सूत कोणी काढले असेल? सूत काढणे हे तर घरोघर बायकांचेच काम. विकणारा रस्त्यावर बसायचा म्हणून लोकांना दिसला. काढणारी घरात बसायची म्हणून दिसली नाही. नाव पडते ते दिसणाऱ्यावरून. आम्हाला या सगळ्या शोधात कळलेली मोठी गोष्ट ती हीच.

आता आमच्या वस्तीचे सांगतो आणि बोलणे संपवतो. आमच्या वस्तीत एक जागा आहे, तिला सगळे 'मशीनचा कोपरा' म्हणतात. १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून आलेल्या एक आजी तिथे राहायच्या. नवरा खडी फोडायच्या कामावर. आजींनी हप्त्यावर शिलाई मशीन घेतले आणि दाराबाहेरच्या कोपऱ्यात मांडले, कारण आत जागाही नव्हती आणि उजेडही नव्हता. परकर, झबली, शाळेचे युनिफॉर्म. ज्यांना शिकायचे त्यांना त्या फुकट शिकवायच्या. अट एकच, सुई मोडली तर भरून द्यायची. आमच्या गटाच्या पहिल्या दहा जणींपैकी सहा जणी त्या मशीनवर शिकलेल्या. आजी बाहेर बसल्या, दिसल्या, म्हणून नाव पडले. आजी गेल्या, मशीनही गेले. कोपरा आहे.

पण तोही फार दिवस राहणार नाही. वस्ती पाडून तिथे इमारती होणार आहेत. पक्के घर मिळेल, संडास घरात येईल, आम्हाला ते हवेच आहे. गेल्या महिन्यात सर्वेक्षणाला माणसे आली. फॉर्मवर 'जवळची खूण' असा रकाना होता. आम्ही लिहिले, मशीनचा कोपरा. त्या माणसाने ते खोडले आणि म्हणाला, "ताई, असे नकाशात काही नाही." त्याने तिथे आकडा लिहिला.

त्या रात्री आम्ही गटाच्या हिशोबाच्या वहीची शेवटची पाने उघडली. ज्यांना ज्यांना आठवते त्यांनी सांगितले, ज्यांना लिहिता येते त्यांनी लिहिले. कोपऱ्याचे नाव का पडले, पाण्याचा पहिला नळ कोणी भांडून आणला, बालवाडी कोणाच्या ओट्यावर सुरू झाली. सतरा पाने झाली. नव्या इमारतीत बायकांसाठी एक खोली मिळावी असा अर्ज आम्ही केला आहे आणि तिला कोणते नाव हवे तेही त्यात लिहिले आहे.

अर्जाचे काय होईल ते होवो. पण परवा ती भाजणी फडताळात ठेवणारी मुलगी फोनवर कोणाला तरी सांगत होती, "अगं, मशीनच्या कोपऱ्यावर ये, मी तिथेच उभी आहे." तिने ना आजी पाहिल्या, ना मशीन. आम्ही एकमेकींकडे पाहिले आणि काही बोललो नाही.

मैत्रिणींनो, तुमच्याही गल्लीत असे एखादे नाव असेल. आज संध्याकाळी भाजी निवडताना सासूबाईंना, शेजारच्या मावशींना विचारा, हे नाव कसे पडले. आणि जे सांगतील ते वहीत लिहून ठेवा.