बुढापाऱ्यातील माता

छत्तीसगडची राजधानी रायपूर. या शहराच्या जुन्या भागात बुढा तलाव नावाचे विस्तीर्ण जलाशय आहे आणि त्याच्या काठाला बुढापारा ही वस्ती आहे. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीत हा मुलूख मराठ्यांच्या अमलाखाली आला. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांत स्थापन झाला, आणि रायपूर हे इंग्रजी अमदानीतील जिल्ह्याचे ठाणे बनले. कचेऱ्या आल्या, अदालती आल्या, आणि त्यांच्या मागोमाग निरनिराळ्या प्रांतांतील शिकलेली माणसे आली. भोसल्यांच्या काळापासून या भागात आलेल्या मराठी कुटुंबांच्या शेजारी आता बंगाली वकील आणि अंमलदार बिऱ्हाडे थाटू लागले.

आज या तलावाला विवेकानंद सरोवर असे नाव आहे. त्यात स्वामी विवेकानंदांचा भव्य पुतळा उभा आहे, आणि शहराच्या विमानतळालाही त्यांचेच नाव दिलेले आहे. कारण, कुमारवयातील नरेंद्र दोन वर्षे या गावी राहिला होता. बुढापाऱ्यातील डे भवन ही वास्तू त्या वास्तव्याची खूण म्हणून दाखविली जाते. परंतु त्या घरात एक गृहिणीही होती. तिचा पुतळा नाही. चरित्रकारांनी तिचा उल्लेख आदराने केला असला, तरी तो बहुधा पुत्राच्या थोरवीचे कारण म्हणून केला आहे. ऐन मध्यम वयात एकामागून एक आघात सोसून ती स्त्री उभी कशी राहिली, हा प्रश्न मात्र स्वतंत्रपणे विचारण्याजोगा आहे.

भुवनेश्वरीदेवींचा जन्म १८४१ साली कलकत्त्याच्या बसू घराण्यात झाला. आईबापांची ती एकुलती एक कन्या. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास सिमला विभागातील दत्तांच्या एकत्र कुटुंबात तिचा विवाह झाला. पती विश्वनाथ दत्त हे पुढे कलकत्ता उच्च न्यायालयात अ‍ॅटर्नी झाले. मिळकत मोठी, हात सढळ आणि स्वभाव उदार. भुवनेश्वरीदेवींना एकंदर दहा अपत्ये झाली. त्यांतील काही बालपणीच दगावली.

१८७७ साली विश्वनाथबाबू कामानिमित्त रायपूरला आले आणि मागोमाग त्यांनी कुटुंबालाही बोलावून घेतले. रायपूरला तेव्हा रेल्वे पोचलेली नव्हती. आगगाडीचा प्रवास संपल्यावर पुढे कित्येक दिवस अरण्यातून बैलगाडीने जावे लागे. या वाटेवर डोंगराच्या कपारीतील प्रचंड मोहोळ पाहून नरेंद्राचे भान हरपले, ही कथा सर्वश्रुत आहे. त्याच गाडीत छत्तीस वर्षांची त्याची आई मुलांना सांभाळत बसली होती. धाकटा महेंद्र अवघा आठ वर्षांचा होता. अनोळखी मुलूख, वेगळी भाषा, आप्तेष्ट शेकडो मैल दूर, अशा स्थितीत परक्या गावी संसार मांडण्याचे काम तिच्या वाट्याला आले.

रायपुरात नरेंद्र शाळेत गेला नाही. वडिलांनी त्याला घरीच शिकविले, विद्वान पाहुण्यांच्या चर्चेत बसविले, स्वयंपाकाचीही गोडी लावली. ज्या घरात दिवसभर माणसांचा राबता असतो, त्या घरच्या गृहिणीला उसंत कशी ती नसते. परंतु भुवनेश्वरीदेवींच्या दिनक्रमाविषयी जे नमूद झाले आहे, ते लक्षात घेण्याजोगे आहे. एवढा मोठा प्रपंच चालवूनही त्या रोज रामायण-महाभारताच्या वाचनासाठी वेळ काढीत. त्या शिवणकाम करीत आणि गाणेही जाणत. महाकाव्यांतील कितीतरी भाग त्यांना मुखोद्गत होता. नरेंद्राला इंग्रजीचे पहिले धडे त्यांनीच दिले.

त्या काळच्या गृहिणीला हा वेळ कोणी देऊ केलेला नव्हता, तो तिने आपला आपणच काढला होता. वाचन, शिवण आणि गाणे या गोष्टी संसाराच्या दृष्टीने फावल्या वेळच्या होत. पण त्यामुळे, ज्या दिवशी हातून सर्व काही निसटले त्या दिवशीही, कोणाला काढून घेता येणार नाही असे काहीतरी तिच्यापाशी उरले. मनाची निगा ही सुबत्तेच्या काळातच राखावी लागते. संकट दाराशी आल्यावर तिचा आरंभ करावा म्हटले, तर तेवढी शक्ती अंगी उरलेली नसते.

१८७९ साली कुटुंब कलकत्त्यास परतले. १८८० मध्ये धाकटा भूपेंद्र जन्मला. आणि १८८४ च्या फेब्रुवारीत विश्वनाथबाबूंचे अकस्मात निधन झाले. भुवनेश्वरीदेवींचे वय तेव्हा त्रेचाळीस वर्षांच्या आसपास होते. सढळ हाताच्या माणसामागे बहुधा जे उरते, तेच येथेही उरले, ते म्हणजे कर्ज. जेथे महिना हजार रुपये खर्च होत, तेथे तीस रुपयांत घर चालविण्याची वेळ आली आणि त्यांनी ते चालविले. थोरला मुलगा नोकरीसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवीत होता. घरात सर्वांना पुरेल एवढे अन्न नाही असे दिसले, की तो मित्राकडे जेवणाचे आमंत्रण असल्याचे सांगून बाहेर पडे आणि उपाशी राही.

याच काळातील एक प्रसंग चरित्रकारांनी प्रामाणिकपणे नोंदविला आहे. सकाळी अंथरुणातून उठताना देवाचे नाव घेणाऱ्या नरेंद्रावर ही धर्मपरायण माता एकदा कडाडली. लहानपणापासून देवदेव करीत आलास, त्या देवाने तुझ्यासाठी काय केले, असा तिचा रोख होता. हा प्रसंग झाकून ठेवण्याचे मुळीच कारण नाही. धैर्य म्हणजे तक्रार न करणे, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे आणि स्त्रियांच्या बाबतीत तर ती सद्गुणाची कसोटीच मानली जाते. भुवनेश्वरीदेवी थकल्या, चिडल्या, देवावरही रागावल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चुलीपाशी उभ्या राहिल्या. मनातील कडूपणा बोलून टाकल्याने त्यांचे मोठेपण उणे झाले नाही. कदाचित त्यामुळेच तो कडूपणा आत साचून राहिला नसेल.

दारिद्र्याबरोबर भाऊबंदकीही आली. वडिलोपार्जित वास्तूतील काही हिस्सा भुवनेश्वरीदेवींच्या नावे खरेदी झालेला होता. तो वस्तुतः आपल्या पतीच्या पैशाने घेतला असून नाव तेवढे भुवनेश्वरीदेवींचे घातले आहे, असा दावा दिरांच्या पत्नीने लावला. प्रकरण कलकत्ता उच्च न्यायालयात गेले. नरेंद्रनाथांची साक्ष झाली आणि १८८७ साली निकाल भुवनेश्वरीदेवींच्या बाजूने लागला. पुढील अपीलही फेटाळले गेले. पडद्यातील एका विधवेने आपला हक्क सोडून न देता न्यायासनापुढे टिकवून धरावा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. पण कज्जा जिंकला म्हणून भाकरीची चिंता मिटत नाही. बराच काळ त्यांना रामतनू बसू गल्लीतील आपल्या आईच्या घराचा आश्रय घ्यावा लागला. मातोश्री रघुमणिदेवींचा हा आधार नसता, तर न्यायालयातील विजयही पोकळ ठरता. कन्या कितीही कर्ती असली, तरी टेकायला एक भिंत लागतेच.

यानंतरचे आघात अधिक खोल होते. थोरल्या मुलाने संन्यास घेतला. १८९१ साली विवाहित कन्या योगींद्रबाला हिने सासरी आत्महत्या केली. ज्या पुत्राचे नाव १८९३ नंतर देशोदेशी गाजले, तो आपल्या आईपासून दूर होता. तरी त्याने आईला विसरून संन्यास पाळला नाही. खेतडीचे राजे अजितसिंह यांजकडून या कुटुंबाला दरमहा शंभर रुपयांची मदत मिळत असे. ती आईच्या हयातीपर्यंत चालू राहावी, अशी विनंती विवेकानंदांनी १८९८ साली पत्राने केली. १९०१ मध्ये त्यांनी आईला पूर्व बंगाल व आसामच्या यात्रेला नेले. लांगलबंधचे ब्रह्मपुत्रास्नान, चंद्रनाथ आणि कामाख्या ही तीर्थे तिला पुत्राच्या सोबतीने घडली. साठीच्या उंबरठ्यावर तिच्या वाट्याला आलेले हे सुखाचे दिवस थोडेच ठरले. ४ जुलै १९०२ रोजी विवेकानंदांनी देह ठेवला आणि वृद्ध माता मागे राहिली.

तरीही ती मोडली नाही. १९०७ साली ‘युगांतर’ पत्रातील राजद्रोही लिखाणाबद्दल भूपेंद्रनाथांना एक वर्षाची सक्तमजुरी झाली, तेव्हा कलकत्त्याच्या स्त्रियांनी एकत्र जमून या मातेचा गौरव केला. सुटकेनंतर भूपेंद्र अमेरिकेस गेले. मायलेकरांची पुन्हा भेट झाली नाही. २५ जुलै १९११ रोजी भुवनेश्वरीदेवींचे निधन झाले. अखेरच्या समयी भगिनी निवेदिता त्यांच्याजवळ होत्या. या परदेशी बाईंशी भुवनेश्वरीदेवी थोडेफार इंग्रजीत बोलू शकत, असे भूपेंद्रनाथांनी लिहून ठेवले आहे. नरेंद्राला शिकविण्यासाठी जी अक्षरे त्यांनी एकदा आपलीशी केली होती, ती उतारवयात त्यांना अशी सोबतीला आली.

याच पिढीच्या आसपासची दोन मराठी चरित्रे या संदर्भात सहज आठवतात. न्यायमूर्ती रानडे १९०१ च्या जानेवारीत वारले, तेव्हा रमाबाई चाळिशीच्या जवळ आल्या होत्या. सुमारे वर्षभर त्या घराबाहेर पडल्या नाहीत. दुःखाला त्यांनी त्याचा अवधी दिला. त्यानंतर तुरुंगातील व रुग्णालयातील स्त्रियांची विचारपूस करू लागल्या, आणि १९०९ साली पुण्याच्या सेवासदनाचे कार्य उभे राहिले. पार्वतीबाई आठवले विसाव्या वर्षी विधवा झाल्या. वयाच्या पंचविशीनंतर त्यांनी शिक्षणाला आरंभ केला, हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव वर्गणी गोळा केली, आणि १९१८ साली, पन्नाशीला टेकल्या असताना, इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेला प्रयाण केले. तेथे लोकांच्या घरची कामे करून त्यांनी आपला चरितार्थ चालविला. ‘माझी कहाणी’ या १९२८ च्या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे कसलाही आव न आणता सांगितले आहे.

भुवनेश्वरीदेवींनी संस्था काढली नाही की आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांचे कार्यक्षेत्र घराच्या चार भिंतींतच राहिले. तरी या तिघींच्या जीवनात एक समान सूत्र आढळते. तिघींनीही दिवसाचा काही भाग स्वतःच्या मनाच्या मशागतीसाठी राखला होता. तिघींच्या पाठीशी कोणीतरी होते. एकीच्या मागे आई, दुसरीच्या मागे पतीने लावलेले विद्येचे वेड आणि सहकारी मैत्रिणी, तर तिसरीच्या मागे बहीण बाया कर्वे आणि मेहुणे धोंडोपंत. आणि तिघींनीही आपले दुःख नाकारले नाही, त्याला जागा करून देऊन त्या पुढे निघाल्या. स्त्रीचे धैर्य हे असे वाचन, सोबत, हक्काची जागा आणि थोडी उसंत यांवर पोसले जाते. त्याला आकाशातून पडलेली देणगी समजणे योग्य नव्हे.

म्हणूनच अशा स्त्रियांच्या सहनशीलतेचे गोडवे गाताना थोडे थांबणे बरे. ज्या माउलीने तीस रुपयांत घर चालविले तिची वाखाणणी अवश्य व्हावी. परंतु ज्या रूढींनी तिला निराधार केले आणि ज्या आप्तांनी तिला न्यायालयाची पायरी चढायला लावली, त्यांच्याकडे त्या वाखाणणीच्या भरात डोळेझाक होता कामा नये. घरातील मध्यमवयीन स्त्री दुपारी पोथी वा पुस्तक घेऊन बसली, की तिला हाक मारून उठविण्याचा मोह सर्वांनाच होतो. तो तासभर तिचा तिला राहू द्यावा, एवढा बोध घेतला तरी पुष्कळ झाले.

बुढा तलावाच्या काठी संध्याकाळी आजही माणसांची गर्दी होते. पाण्यातील संन्याशाच्या मूर्तीकडे पाहून नमस्कार करणाऱ्यांनी क्षणभर जवळच्या जुन्या वस्तीकडेही नजर वळवावी. त्या वस्तीत एकेकाळी एक प्रौढ गृहिणी कामे आटोपून महाभारत उघडून बसत असे, आणि पुढे येणाऱ्या दिवसांची शिदोरी नकळत बांधून ठेवीत असे.