शब्दवेध : जालनिशी

जॉर्न बार्गर यांनी १९९७ मध्ये 'वेबलॉग' हा शब्द घडवला. १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी गमतीने त्याची 'वुई ब्लॉग' अशी फोड केली आणि 'ब्लॉग' रूढ झाला. मराठीने त्यासाठी 'रोजनिशी'वरून 'जालनिशी' घडवली. यातल्या 'निशी'चा रात्रीशी संबंध नाही (जागरण करून लिहिणाऱ्यांनी रागावू नये!). ती फारसी 'नवीस'ची, म्हणजे लिहिणाऱ्याची. फडणवीस, चिटणीस त्याच घरातले. फारसी 'निशी' आपल्या 'जाला'शेजारी बसली, तसाच गोदाकाठच्या शहागड गावाच्या नावातही फारसी 'शाह' आपल्या 'गडा'शेजारी नांदतोच. हे झालं शब्दाचं; आता उपयोगाचं. गोदावरीच्या पुराबद्दल तिथल्या कुणी आज लिहिलेलं पाच वर्षांनी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात शोधून पाहा, दमछाक होईल. जालनिशीत ते तारखेसकट सापडतं. गावाची नोंद ठेवायची असेल, तर ब्लॉगच लिहा.