बोललेले मत आणि दिलेले मत

मराठी भाषेने ‘मत’ या एका शब्दावर दोन ओझी लादली आहेत. सभेत उभे राहून आपण जे बोलतो तेही मत, आणि हात वर करून किंवा पेटीत चिठ्ठी टाकून जे देतो तेही मत. भोळ्या माणसाला वाटावे की ही दोन्ही एकच असणार. परंतु लोकप्रतिनिधींचा इतिहास चाळू लागले की ध्यानात येते, या दोन मतांची गाठ नेहमीच पडते असे नाही. बोललेले मत वृत्तपत्रांत ठळक अक्षरांत छापले जाते आणि टाळ्या मिळवते. दिलेले मत मात्र कामकाजाच्या जाड्या ग्रंथात एका ओळीत बसते आणि पुढे कोणी ते उघडून पाहत नाही.

दिवाळीत आपल्याकडे वहीची पूजा होते. त्या वहीला मान आहे तो तिच्यात जमेबरोबर नावेही लिहिलेले असते म्हणून. अशीच एक वही आज उघडून पाहू. ती आहे नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची. गांधीजींनी त्यांना आपले राजकीय गुरू मानले, आणि ‘नामदार’ हे विशेषण महाराष्ट्रात त्यांच्या नावाला असे चिकटले की ते नावाचाच भाग होऊन बसले. पण नामदार म्हणून त्यांनी कलकत्त्याच्या कायदेकौन्सिलात बारा-तेरा वर्षे नेमके काय केले, हे आपल्याकडे फार थोड्यांना सांगता येईल.

आधी त्या सभागृहाची ओळख करून घेतली पाहिजे. आजच्या लोकसभेचे चित्र डोळ्यांपुढे आणून चालणार नाही. १८९२ च्या कायद्याप्रमाणे व्हाइसरॉयच्या कौन्सिलात जादा सभासद फार तर १६, आणि बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचे. अंदाजपत्रकावर बोलण्याची मुभा होती, परंतु त्यावर मत मागण्याची नव्हती. प्रश्न विचारता येई, पण उत्तरावर उपप्रश्न विचारता येत नसे. १९०९ च्या सुधारणांनी जादा सभासद ६० पर्यंत वाढले, ठराव मांडून मते मागता येऊ लागली; तरी वरिष्ठ कौन्सिलात सरकारी बहुमत कायमच राहिले. म्हणजे खेळाचा निकाल आधी लागलेला आणि डाव मागाहून खेळायचा, असा तो प्रकार. अशा ठिकाणी प्रामाणिक माणसाने मत द्यायचे तरी कशासाठी? गोखल्यांची वही वाचताना हा प्रश्न सतत मनात ठेवावा लागतो.

शब्दाची किंमत किती असते याचा धडा त्यांना कौन्सिलात जाण्यापूर्वीच मिळाला होता. १८९७ साली प्लेगच्या बंदोबस्तासाठी पुण्यात आलेल्या गोऱ्या सोल्जरांनी केलेल्या अत्याचारांचे आरोप त्यांनी विलायतेत जाहीर केले. पुण्याहून आलेल्या पत्रांवर त्यांचा भरवसा होता. परत आल्यावर पुरावा मागितला गेला, पुरावा देता येईना, तेव्हा त्यांनी जाहीर माफी मागितली. त्या माफीबद्दल महाराष्ट्राने त्यांना खूप बोल लावले. पुढच्या गोखल्यांची भाषणे वाचली म्हणजे जाणवते की आकडा हाताशी असल्यावाचून हा मनुष्य आता वाक्य उच्चारीत नाही.

१८९९ मध्ये ते मुंबईच्या कायदेकौन्सिलात गेले. १९०१ च्या ऑगस्टमध्ये तेथे जमीन महसुलाच्या कायद्यात दुरुस्ती करणारे बिल आले. सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत द्यायची, परंतु ती विकण्याचा वा गहाण टाकण्याचा हक्क द्यायचा नाही, असा त्याचा मथितार्थ होता. सावकारापासून कुणब्याला वाचवतो, असे सरकार म्हणे. हिंदी सभासदांना भीती अशी की यात कुणब्याची पत बुडेल आणि सरकारच जमीनदार होऊन बसेल. घाई करू नका, ही विनंती फेटाळली गेली, तेव्हा सर फिरोजशहा मेहता सभागृहातून उठून गेले आणि त्यांच्यापाठोपाठ गोखलेही गेले. नेमस्त म्हणून ज्यांची पुढे थट्टा झाली त्या गोखल्यांच्या वहीतील आरंभीची एक नोंद अशी सभात्यागाची आहे.

मेहतांच्या जागी ते वरिष्ठ कौन्सिलात निवडून गेले आणि २६ मार्च १९०२ रोजी अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. त्या वर्षी खजिन्यात सुमारे सात कोटींची शिल्लक पडली होती आणि जो तो अर्थमंत्र्यांचे अभिनंदन करीत होता. या अभिनंदनात आपल्याला मनापासून सामील होता येत नाही, असे म्हणत पस्तीस वर्षांचा हा फर्ग्युसन कॉलेजातला प्रोफेसर उभा राहिला. देशात दुष्काळ, प्लेग आणि तिजोरीत मात्र शिल्लक, हे कसे? उत्तर त्यांनी आकड्यांनी दिले. रुपयाचा विनिमयदर पडत होता त्या काळी लावलेले जबर कर, दर १६ पेन्सांवर स्थिर झाल्यानंतरही तसेच वसूल होत होते. ती शिल्लक सुबत्तेची नव्हती, गरजेपेक्षा जास्त घेतलेल्या करांची होती. या भाषणामागे न्यायमूर्ती रानड्यांची शिकवण होती, आणि सोलापूरचे गणेश व्यंकटेश जोशी यांची मदतही होती. सरकारी अहवाल पिंजून आकडे काढण्यात जोश्यांचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता, आणि गोखले त्यांच्याकडून पत्रांनी आकडे मागवीत.

या भाषणावर मत घ्यायची सोयच नव्हती. परंतु मिठावरचा कर दर मणी अडीच रुपये होता तो १९०३ साली दोन रुपये झाला, १९०५ साली दीड आणि १९०७ साली एक रुपया. प्राप्तिकराची माफी ५०० रुपयांवरून १००० रुपयांपर्यंत वाढली. हे सारे एकट्या गोखल्यांच्या वक्तृत्वाने घडले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण दरवर्षी तोच मुद्दा नव्या आकड्यांनी मांडणारा मनुष्य समोर बसला आहे, ही जाणीव अर्थखात्याला राहिली. जेथे मत देता येत नव्हते तेथे त्यांचे शब्द कामी आले.

याउलट कायद्याच्या बिलांवर मते घेतली जात, आणि तेथे पराभव ठरलेला. १९०४ चा युनिव्हर्सिटी कायदा, सरकारी गुपितांचा कायदा, १९०७ चा सभाबंदीचा कायदा या तिन्हींना त्यांनी विरोध केला. १ नोव्हेंबर १९०७ रोजी सिमल्याला सभाबंदीचे बिल पास झाले तेव्हा डॉ. रासबिहारी घोष यांच्याबरोबर गोखले विरोधात उभे होते. सभा बंद केल्याने असंतोष मरत नाही, तो जमिनीखाली जातो, ही त्यांची भूमिका होती. येथवर त्यांची दोन्ही मते जुळतात.

आता वहीचे ते पान, जे त्यांचे भक्त चटकन उलटतात. डिसेंबर १९०९ मध्ये नाशिकला कलेक्टर जॅक्सनचा खून झाला. पुढच्याच महिन्यात कलकत्त्याच्या हायकोर्टात एका पोलीस अधिकाऱ्याला गोळी घालण्यात आली. ४ फेब्रुवारी १९१० रोजी सरकारने छापखान्यांवरील कायद्याचे बिल आणले आणि ८ फेब्रुवारीला ते पास करून घेतले. नव्या छापखान्यांकडून दोन हजार रुपयांपर्यंत जामीन, मजकूर आक्षेपार्ह ठरला तर जामीन जप्त, आणि हे सारे अधिकाऱ्यांच्या हुकमाने. मदनमोहन मालवीय आणि भूपेंद्रनाथ बसू यांनी विरोध केला. गोखल्यांनी केला नाही. कायद्याची मुदत तीन वर्षांपुरती ठेवा अशी दुरुस्ती त्यांनी मांडली, ती नामंजूर झाली. तरीही आपले वजन त्यांनी बिलाच्याच पारड्यात टाकले. तरुण पिढी हिंसेकडे वळत आहे, तेव्हा सरकारला या वेळी अडवणे बरे नव्हे, असा त्यांचा विचार होता. बोलताना त्यांनी आपले दुःख लपवले नाही. पण दुःख भाषणात राहिले आणि कायदा पुस्तकात गेला.

तो कायदा तीन वर्षे नव्हे, बारा वर्षे जगला. १९२२ साली तो रद्द होईपर्यंत मौलाना आझादांचा ‘अल्‌-हिलाल’, महंमद अलींचा ‘कॉम्रेड’, ॲनी बेझंट बाईंचा ‘न्यू इंडिया’ अशा कितीतरी पत्रांना त्याची झळ लागली. सभाबंदीबद्दल १९०७ साली गोखले जे बोलले होते ते १९१० साली छापखान्यांनाही तितकेच लागू होते. त्यांच्या हेतूवर शंका घेण्याचे कारण नाही. पण ही रक्कम नावेच्याच बाजूला मांडली पाहिजे.

त्याच महिन्यातले पुढचे पान मात्र उजळ आहे. २५ फेब्रुवारी १९१० रोजी त्यांनी ठराव मांडला की नाताळच्या वसाहतीत करारबंद हिंदी मजूर पाठवणे थांबवावे. आफ्रिकेत गांधीजींचा लढा चालू होता. हा ठराव सरकारने मान्य केला आणि १ जुलै १९११ पासून नाताळची भरती बंद झाली. नव्या कौन्सिलात हाती आलेल्या ठरावाच्या हत्याराचा हा पहिला मोठा उपयोग.

दोन वर्षांनी, ४ मार्च १९१२ रोजी, करारबंद मजुरीची पद्धतच सर्व वसाहतींसाठी बंद करा, असा ठराव त्यांनी आणला. तो २२ विरुद्ध ३३ मतांनी पडला. सरकारी मतांपुढे हिंदी सभासदांची एकजूट पुरी पडली नाही.

आणि त्याच मार्चमध्ये प्राथमिक शिक्षणाचे बिल आले. गोखल्यांनी ते १६ मार्च १९११ रोजी मांडले होते, पण त्याचे मूळ कौन्सिलाच्या फार आधीचे होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूक गावी जन्मलेल्या या मुलाचे वडील लवकर वारले. थोरल्या भावाने शिक्षण सोडून १५ रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले ८ रुपये तो दरमहा गोपाळला शिकायला पाठवी. दिव्याच्या तेलाचाही हिशेब करीत शिकलेल्या या मुलाने पुढे जे बिल लिहिले त्यात एक कलम होते, की ज्या पालकाची मिळकत महिना १० रुपयांहून कमी, त्याच्या मुलाकडून फी घेऊ नये.

बिल तसे अतिशय सौम्य होते. ज्या गावात शाळेत जाणाऱ्या मुलांचे प्रमाण सरकारने ठरवलेल्या मर्यादेला पोचले असेल, तेथील म्युनिसिपालटीने वा लोकलबोर्डाने, सरकारच्या परवानगीने, ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांना शाळा सक्तीची करावी. मुलींचे पुढे पाहावे. त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात लोकसंख्येच्या अवघे १.९ टक्के प्राथमिक शाळांत होते. बडोद्याला सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेलीत सक्ती सुरू करून १९०६ साली ती साऱ्या संस्थानात नेली होती. जे एका संस्थानिकाला जमले ते साम्राज्याला का जमू नये, हा गोखल्यांचा सरळ सवाल होता.

१८ आणि १९ मार्च १९१२ असे दोन दिवस वाद झाला. मालवीय आणि महंमद अली जीना गोखल्यांच्या बाजूने बोलले. शिक्षणखात्याचे सर हारकोर्ट बटलर यांनी विरोध केला. परंतु विरोधात सगळे अधिकारीच नव्हते. काही बडे हिंदी जमीनदारही होते. कुणब्याचे पोर शाळेत बसले तर शेतावर राबायचे कोणी, ही चिंता त्या काळी अनेकांना होती. मते मोजली गेली. बाजूने १३, विरुद्ध ३८.

हे असेच होणार, हे गोखल्यांना ठाऊक होते आणि त्यांनी ते बोलूनही दाखवले. आपल्या पिढीला देशाची सेवा आपल्या अपयशांनीच करायची आहे, या अर्थाचे त्यांचे त्या दिवशीचे उद्गार प्रसिद्ध आहेत. पण त्यांना नुसते उदात्त वाक्य म्हणून वाचू नये. मते मागून त्यांनी एक व्यवहार साधला होता. बिल मागे घेतले असते तर सरकारने सहानुभूतीचे चार शब्द बोलून वेळ मारून नेली असती. १९१० साली शिक्षणाचा ठराव आश्वासनावर मागे घेऊन त्यांनी ते अनुभवले होते. मत मागितल्यामुळे प्रत्येकाला कोणत्या ना कोणत्या बाजूला बसावे लागले. गरिबाच्या मुलाला शाळेत बसवण्याच्या विरुद्ध कोण होते, हे छापील ग्रंथात कायमचे नोंदले गेले. हरणाऱ्याचे मत कशासाठी, याचे उत्तर येथे सापडते.

ही उधारी पुढे हळूहळू वसूल झाली. मालवीयांनी १९१६ साली तोच मजुरीचा ठराव पुन्हा आणला आणि सरकारने तो मानला. १९१७ साली भरती थांबली. ज्या कोल्हापुरात गोखले शाळा शिकले तेथे शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्याच्या म्युनिसिपालट्यांसाठी तसाच कायदा करवून घेतला. सबंध देशाला मात्र बरेच थांबावे लागले. २००२ साली घटनेत दुरुस्ती होऊन शिक्षण हा मुलांचा मूलभूत हक्क ठरला, २००९ साली कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० रोजी तो अमलात आला. गोखल्यांनी बिल मांडल्यापासून ९९ वर्षांनी. यातले काहीही पाहायला ते नव्हते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते पुण्यात वारले.

आता निवडणुका येतात, भाषणे होतात, घरोघरी पत्रके येतात. आपण उमेदवार काय बोलला ते आठवतो. त्याने सभागृहात कोणत्या कलमावर हात वर केला आणि कोणत्या वेळी तो गप्प राहिला, हे आपण क्वचितच विचारतो. गोखल्यांसारख्या निर्मळ माणसाच्या वहीतही १९१० च्या फेब्रुवारीतले एक पान निघते, आणि ते वाचल्याने त्यांच्याविषयीचा आदर उणावत नाही, उलट तो डोळस होतो. मग इतरांची वही उघडायला आपण संकोच का करावा? घरात यंदा पहिल्यांदाच मतदार झालेला कोणी मुलगा वा मुलगी असेल, तर फराळाच्या गप्पांत हा १३ आणि ३८ चा हिशेब त्यांना जरूर सांगावा.