ह्युएन त्संग भांदकला आला होता का?

१/
वर्ध्याहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर 'भांदक' नावाचे स्थानक लागते. स्थानकाबाहेरचे गाव मात्र भद्रावती. जैमिनी अश्वमेधातील यौवनाश्व राजाची भद्रावती ती हीच, अशी स्थानिक परंपरा आहे. एकोणिसाव्या शतकात या गावाला आणखी एक ओळख चिकटली: ह्युएन त्संगाने पाहिलेल्या कोसल देशाची राजधानी. ही ओळख कशी जुळली आणि कशी सुटली, त्याची ही हकीकत.

२/
सातव्या शतकाच्या पूर्वार्धात हा चिनी भिक्षू कलिंगातून वायव्येकडे सुमारे १,८०० ली चालून कोसलात पोहोचला. राजा क्षत्रिय असून बौद्ध धर्माचा आदर करतो, शंभर संघाराम आहेत, दहा हजारांच्या आत भिक्षू आहेत, देवमंदिरे सत्तरच्या आसपास आहेत, असे त्याने लिहून ठेवले. राजधानीचा घेर ४० ली असल्याचेही तो सांगतो. तिचे नाव मात्र सांगत नाही. पुढचा सारा घोळ या एका मौनातून निर्माण झाला.

३/
१८५७-५८ मध्ये स्तानिस्लास ज्यूलियाँ यांनी या प्रवासवर्णनाचा फ्रेंच अनुवाद प्रसिद्ध केला आणि भारतात फिरणाऱ्या युरोपीय अभ्यासकांच्या हाती जणू एक मार्गदर्शक पुस्तकच पडले. अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी तर आपल्या पुरातत्त्वीय सर्वेक्षणाची आखणीच चिनी यात्रेकरूंच्या मार्गावरून केली. ग्रंथातील अंतरे नकाशावर टाकायची, संभाव्य गावे हेरायची आणि मग प्रत्यक्ष तेथे जायचे, अशी त्यांची रीत होती.

४/
पहिला टप्पा टेबलावरचा. कनिंगहॅम यांनी १८७१ च्या आपल्या भूगोलग्रंथात हा कोसल म्हणजे विदर्भ, असे ठरवले. लंडनमध्ये जेम्स फर्ग्युसन यांनी तीच अंतरे पुन्हा मोजली आणि राजधानीसाठी वैरागड सुचवले. वैरागड आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. तेव्हा ते चांदा जिल्ह्यातच मोडत असे. इतर काही अभ्यासकांनी भांदककडे बोट दाखवले. एका 'ली'ची लांबी किती धरायची, यावर राजधानी एका गावातून दुसऱ्या गावात सरकत होती.

५/
दुसरा टप्पा पायाखालचा. १८७३-७४ आणि १८७४-७५ या दोन हंगामांत कनिंगहॅम मध्य प्रांतात फिरले. त्या दौऱ्यांच्या अहवालात भांदक आहे आणि वैनगंगेकाठचे मार्कंडाही आहे. भांदकला रेल्वे तोवर आलेली नव्हती. हा अहवाल १८७९ मध्ये मालेतील नववा खंड म्हणून छापला गेला.

६/
भांदक परिसरात पाहण्याजोगे पुष्कळ होते. विजासन टेकडीच्या पोटात सरळ आत जाणारे लांब दालन आणि त्याच्या टोकाला बसलेली भव्य बुद्धमूर्ती. प्रवेशाजवळून काटकोनात निघालेली आणखी दोन दालने. डोलारा तलावातील बेटाकडे नेणारा, दगडी खांबांच्या दुहेरी रांगेवर जाड तुळया टाकून उभारलेला पूल. गवराळ्याची मंदिरे. भद्रनागाचे देवस्थान. बौद्ध राजधानी शोधत आलेल्या माणसाला येथे ती सापडल्यासारखी वाटावी, यात नवल काय?

७/
त्यातच एका शिलालेखाची भर पडली. नागपूरच्या संग्रहालयातील हा दगड भांदकहून आला, असा समज रूढ झाला होता. त्यावर पांडुवंशी राजपुरुष भवदेव रणकेसरी याने जुन्या बुद्धमंदिराचा जीर्णोद्धार केल्याची नोंद आहे. ते मंदिर मुळात सूर्यघोष नावाच्या राजाने बांधले होते. त्याचा मुलगा राजवाड्याच्या गच्चीवरून पडून मरण पावला आणि त्या दुःखात पित्याने ते उभारले.

८/
किलहॉर्न यांच्यासारख्या थोर पंडिताने हा लेख संपादित केला. मग तर्काची साखळी पुरी झाली: पांडुवंशी राजे आधी भांदकला होते, नंतर छत्तीसगडातील सिरपूरला गेले, म्हणजे कोसलची जुनी राजधानी भांदकच. लेणे होते, यात्रेकरूचा ग्रंथ होता, आता कोरीव पुरावाही मिळाला होता.

९/
या साखळीची एक कडी कच्ची होती. नागपूरचे वा. वि. मिराशी यांनी जुन्या नोंदी तपासून दाखवून दिले की, हा शिलालेख भांदकचा नव्हेच. तो छत्तीसगडातील आरंग येथला. दगड खरा होता, लिपी खरी होती, वाचनही नीट झाले होते. चुकला होता तो केवळ पत्ता. मूळ जागेवरून हलवताना नोंद नीट राहिली नाही, आणि एका गावाचा शोक दुसऱ्या गावाच्या इतिहासात जमा झाला.

१०/
पुढे १९५० च्या दशकात मो. गं. दीक्षित यांच्या उत्खननांत सिरपूर येथे बौद्ध विहार उजेडात आले. आज बहुतेक अभ्यासक ह्युएन त्संगाच्या कोसलची राजधानी सिरपूरलाच मानतात. वैरागड आणि भांदक या दोघांचाही दावा मागे पडला. तरीही 'ह्युएन त्संग भद्रावतीला आला होता' हे वाक्य आजही ठामपणे सांगितले जाते.

११/
मग भद्रावतीच्या हाती काय उरले? उरले ते पुष्कळच. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा शके ६९४, म्हणजे इ. स. ७७२ चा ताम्रपट भांदकला मिळाला आहे. त्यात सूर्यमंदिराला दिलेल्या दानाची नोंद आहे. वेरूळच्या कैलास लेण्याशी ज्याचे नाव जोडले जाते, तोच हा राजा. शिवाय येथे बौद्ध लेणे आहे, जैनांचे पार्श्वनाथ तीर्थ आहे, नागपूजेचे ठाणे आहे. इतक्या परंपरा एका गावात नांदल्या, हे कळायला चिनी पाहुण्याच्या प्रशस्तिपत्राची गरज पडू नये.

१२/
आजचा पाहुणाही काहीतरी ठरवूनच येतो. बहुतेकांना ताडोबाचा वाघ पाहायचा असतो. नागपूर-चंद्रपूर महामार्ग भद्रावतीवरून जातो, पण सहलीच्या आखणीत या गावासाठी तासभरही राखलेला नसतो. कनिंगहॅम बौद्ध राजधानी शोधत आले होते. आताचे प्रवासी पट्टे शोधत येतात. जे शोधायचे ठरले असेल, तेच बहुधा दिसते.

१३/
आखणी बदलली की दृष्टीही बदलते, याचे उदाहरण शेजारीच आहे. चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाला जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे आहेत. मार्च २०१७ पासून 'इको-प्रो' संस्थेच्या कार्यकर्त्यांनी या परकोटावरची झुडपे आणि कचरा काढायला घेतला. शेकडो दिवस हे श्रमदान चालले. मग त्याच भिंतीवरून शहर दाखवणाऱ्या फेऱ्या निघू लागल्या. रोज ज्या दरवाजातून दुचाकी जाते, तो किल्ल्याचा दरवाजा आहे हे लोकांना नव्याने उमगले.

१४/
भद्रावती, वैरागड, मार्कंडा अशी सहल आखणाऱ्यांसाठी या हकीकतीत एक व्यावहारिक धडा आहे. जे पाहाल ते कोठे आहे, कोणत्या दिशेला तोंड करून आहे, कोणी काय सांगितले, हे तेथेच लिहून ठेवा. छायाचित्राखाली गावाचे नाव आणि तारीख घाला. शेतात एखादी मूर्ती दिसली तर ती उचलून देवळात नेऊन ठेवू नका. आधी तिची जागा नोंदवा. आरंगच्या दगडासोबत अशी एक ओळ टिकली असती, तर इतिहासातील एक चूक टळली असती.

१५/
ह्युएन त्संग विजासनच्या लेण्यात आला होता, असे मानायला आज पुरेसा आधार नाही. दालनाच्या टोकाच्या अंधारात बुद्ध मात्र बसलेला आहे, आणि उपासक आजही तेथे वंदनेला येतात. त्या नावाजलेल्या एका पाहुण्याच्या शोधात, तेथे खरोखर येऊन गेलेल्या अनाम माणसांकडे आपले फार दुर्लक्ष झाले. पुढची फेरी त्यांच्यासाठी आखावी.